हिमालयाच्या वादग्रस्त हद्दींचे जुने नकाशे भिंतीवर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नकाशांच्या छापील प्रती करून देतो म्हटल्यावर लोक पहिल्यांदा किंमत विचारतात आणि लगेच पुढे विचारतात, "पण यात काश्मीर असं का दिसतंय?" लडाख, काराकोरम, अरुणाचल आणि कालापाणी या भागांच्या नकाशांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याबद्दलची उत्तरं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. व्यवसाय करणार असाल तर वकिलाला विचारा.

१. "वादग्रस्त हद्दीचा जुना नकाशा" म्हणजे नेमका कोणता?

डोंगराळ सीमेचा असा कुठलाही नकाशा, ज्यातली हद्द आजही दोन देश वेगवेगळी सांगतात. आपल्याकडे यात चार भाग मुख्य आहेत: अक्साई चिनसह लडाखची पूर्व बाजू, सियाचीन आणि काराकोरम, अरुणाचलची उत्तर सीमा, आणि उत्तराखंड-नेपाळच्या सांध्यावरचं कालापाणी-लिपुलेख. सिक्कीम, भूतान आणि तिबेट जिथे भेटतात ते डोकलाम २०१७ मधल्या भारत-चीन तणावानंतर लोक मागू लागले. तिथल्या वादाचं मूळ ब्रिटन आणि चीन यांच्या १८९० च्या करारात आहे.

२. मला यातलं काही कळत नाही. पहिला नकाशा कोणता घेऊ?

डोंगर आवडतात म्हणून घेणार असाल तर नंगा पर्वताचा जर्मन नकाशा घ्या. १९३४ च्या मोहिमेत रिचर्ड फिन्स्टरवाल्डर यांनी जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांच्या मोजणीवर तो बेतला आहे, प्रमाण १:५०,०००. हिमनद्यांच्या भेगा आणि कड्यांचं रेखाटन इतकं बारीक आहे की खोलीत आलेला माणूस जवळ जाऊन पाहतोच.

इतिहासासाठी घेणार असाल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या (देशाचे अधिकृत नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याच्या) दहा लाखांत एक प्रमाणाच्या मालिकेतला ५२ क्रमांकाचा, म्हणजे लेहच्या बाजूचा नकाशा पाहा. सह्याद्रीत नकाशा घेऊन भटकणाऱ्यांना ४७ हा आकडा ओळखीचा असतो, कारण मुंबई-पुणे त्याच चौकोनात येतात. ५२ हा त्याच जाळ्यातला वरचा चौकोन आहे. एका भिंतीवर ४७ आणि ५२ शेजारी लावलेले मला फार आवडतात: तेच प्रमाण, तीच अक्षरांची धाटणी आणि दोन पूर्णपणे वेगळे डोंगर.

खिसा आखडता असेल तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची १:२,५०,००० प्रमाणाची यू-५०२ ही मालिका बघा. १९५० च्या दशकातली आहे, रंग सौम्य आहेत आणि टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तिचे स्कॅन विनामूल्य ठेवले आहेत.

३. डोंगर प्रत्येक नकाशात वेगळे का दिसतात? कुठे केसांसारख्या रेघा, कुठे रंग, कुठे वर्तुळं?

उंची कागदावर दाखवण्याच्या या वेगवेगळ्या काळातल्या रीती आहेत. एकोणिसाव्या शतकात उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढत. चढ जितका तीव्र तितक्या रेघा दाट, त्यामुळे हिमालयाची पूर्ण रांग काळवंडलेली दिसते. पुढे समान उंचीच्या रेषा आल्या. खालचा भाग हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी अशी रंगांची चढण स्कॉटलंडच्या बार्थोलोम्यू घराण्याने लोकप्रिय केली. दिवाणखान्यासाठी मी रेघांचे नकाशे सुचवतो, कारण ते लांबूनही उठून दिसतात. समान उंचीच्या रेषांचा नकाशा अभ्यासाच्या टेबलासमोर लावावा, तिथे तो जवळून वाचला जातो.

४. असा नकाशा घरात लावणं बेकायदा आहे का?

१९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा प्रसिद्ध करण्याबद्दलचा आहे. तुमच्या बैठकीच्या खोलीत १८९० सालचा नकाशा टांगलेला असणं आणि तो छापून बाजारात आणणं यांत मोठा फरक आहे.

तरी ऑफिस, हॉटेल, दवाखाना किंवा शाळा अशी चार लोकांची ये-जा असलेली जागा असेल तर नकाशाखाली स्पष्ट पाटी लावा. पाटीचा मजकूर प्रश्न १४ मध्ये दिला आहे.

५. आणि मी छापून विकायचं ठरवलं तर?

तर सावध राहा. कायद्याच्या त्या कलमात जुन्या नकाशांसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेत नाही, पण तेवढ्या भरवशावर धंदा उभा करू नये.

मी स्वतः पाळतो ते नियम असे. मूळ वर्ष, प्रकाशक आणि नकाशाचं नाव प्रतीवर वाचता येईल असं ठेवायचं. आजच्या सीमांशी याचा संबंध नाही हे विक्रीच्या मजकुरात आणि प्रतीवर, दोन्हीकडे लिहायचं. भारताचा आजचा नकाशा म्हणून जुना नकाशा कधीही, कुठल्याही जाहिरातीत वापरायचा नाही. आणि नवीन काढलेला पण जुन्यासारखा दिसणारा, चुकीच्या हद्दीचा नकाशा विकायचा नाही. त्याला इतिहासाचा आधार नसतो. आजची अधिकृत हद्द कोणती हे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरच्या राजकीय नकाशात पाहता येतं.

६. तुम्ही जुन्या नकाशातली हद्द आजच्याप्रमाणे दुरुस्त करून छापून द्याल का?

नाही. ही विनंती बहुतेक वेळा चांगल्या हेतूने येते, देशप्रेमातून येते, त्या भावनेचा मला आदर आहे. पण १९२० च्या नकाशावर आजची रेषा ओढली की तो १९२० चा नकाशा राहत नाही. उद्या कोणी त्याचा फोटो पुरावा म्हणून पुढे केला तर खोटा दस्तऐवज तयार करणाऱ्यांत आपलं नाव येतं. शिवाय भारताची बाजू ज्या कागदांवर उभी आहे त्यांतले कित्येक जुने नकाशेच आहेत. ते जसेच्या तसे राहण्यात आपलंही हित आहे. अधिकृत हद्दच भिंतीवर हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा आजचा नकाशा घ्या, त्याच्याही सुंदर प्रती निघतात.

७. अक्साई चिन एका नकाशात काश्मीरमध्ये, दुसऱ्यात बाहेर आणि तिसऱ्यात धूसर. खरं काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१८६५ मध्ये सर्व्हेचे डब्ल्यू. एच. जॉन्सन लेहहून खोतानला (आजच्या चीनच्या शिनजियांगमध्ये) गेले. तिथल्या अमीराने त्यांना बोलावलं होतं. परतल्यावर त्यांच्या नकाशात काश्मीरची हद्द थेट कुनलुन पर्वताला भिडली आणि अक्साई चिन आत आलं. त्या काळी महाराजा रणबीरसिंहांची चौकी काराकोरमच्या पलीकडे शाहिदुल्लापर्यंत गेली होती, हेही लक्षात घ्यायला हवं. जॉन्सन पुढे महाराजांच्याच नोकरीत लडाखचे वजीर झाले. १८९७ मध्ये लंडनच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख सर जॉन आर्डा यांनी साधारण अशीच उत्तरेकडची रेषा सुचवली, रशियाच्या भीतीपोटी.

त्याच दशकात वारं फिरलं. १८९९ च्या मार्चमध्ये ब्रिटिश राजदूत क्लॉड मॅक्डोनाल्ड यांनी पेकिंगला (म्हणजे बीजिंगला, चीन सरकारला) एक टिपण दिलं. त्यात अक्साई चिनचा बराचसा भाग चीनकडे जात होता. काशगरमधले ब्रिटिश प्रतिनिधी जॉर्ज मॅकार्टनी यांचा त्यामागे हात होता, म्हणून ती मॅकार्टनी-मॅक्डोनाल्ड रेषा. चीनने त्या टिपणाला उत्तरच दिलं नाही.

म्हणजे १८७० चा नकाशा, १९०० नंतरचा नकाशा आणि कुठल्या तरी युरोपीय प्रकाशकाचा अ‍ॅटलास हाती घेतला तर तीन रेषा दिसणारच. प्रत्येक जण आपल्या हातात आलेल्या कागदावरून काढत होता. स्वातंत्र्यानंतरही १९५० च्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात या बाजूला "सीमा अनिश्चित" अशा अर्थाची नोंद आहे. १९५४ पासून तिथे पक्की रेषा आली. १९५० आणि १९५४ च्या प्रती शेजारी ठेवल्या तर हा बदल डोळ्यांनी दिसतो. ही जोडी जमवायला वेळ लागतो, पण या सगळ्या विषयात तिच्याइतकं बोलकं काही मी पाहिलेलं नाही.

आज भारताची अधिकृत भूमिका अशी की अक्साई चिन लडाखचा भाग आहे. जुना नकाशा त्या भूमिकेच्या बाजूने किंवा विरोधात निकाल देत नाही. तो एवढंच दाखवतो की त्या वर्षी त्या कार्यालयाला काय माहीत होतं आणि काय हवं होतं.

८. माझ्याकडच्या १९२५ च्या नकाशात मॅकमोहन रेषा नाहीच. नकाशा खोटा आहे का?

खोटा नाही, उलट अस्सल असल्याची ती खूण आहे. ब्रिटिश भारताचे परराष्ट्र सचिव सर हेन्री मॅकमोहन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोन्चेन शात्रा यांनी मार्च १९१४ मध्ये तिबेट आणि आजचं अरुणाचल यांच्यामधली ही रेषा मान्य केली, पण चीन सरकारने त्याच वाटाघाटींतला सिमला करार नाकारला आणि ब्रिटिशांनीही तो विषय दडवून ठेवला. १९२९ मध्ये निघालेल्या एचिसनच्या करारसंग्रहाच्या (ब्रिटिश भारताच्या करारांच्या अधिकृत संग्रहाच्या) चौदाव्या खंडात या रेषेचा मजकूर नव्हता. १९३० च्या दशकात ब्रिटिश अधिकारी ओलाफ कॅरो यांच्या लक्षात ही गोष्ट आली, आणि १९३८ मध्ये तो खंड नव्या मजकुरासह पुन्हा छापला गेला, मुखपृष्ठावर मात्र वर्ष १९२९ च ठेवून. जुन्या प्रती परत मागवल्या गेल्या. त्यांतली एक हार्वर्डमध्ये राहिली आणि १९६० च्या दशकात ही लबाडी उघड झाली. सर्व्हे ऑफ इंडियाने ही रेषा नकाशावर पहिल्यांदा दाखवली १९३७ मध्ये.

म्हणून १९१४ ते १९३७ या काळातल्या नकाशावर आसामची हद्द डोंगराच्या पायथ्याशी दिसते. उलट तुमच्या "१९२५" च्या प्रतीवर मॅकमोहन रेषा ठळकपणे दिसली असती तर मी तारखेवर संशय घेतला असता.

९. नकाशावर रेषा आहे, मग भांडण उरतंच कसं?

मॅकमोहन यांचा नकाशा इंचाला आठ मैल या प्रमाणाचा होता, म्हणजे जवळजवळ पाच लाखांत एक. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे २५० मीटर रुंद होते. रेषा मुख्य पाणलोटाच्या धारेवरून जावी असं तत्त्व होतं, पण तेव्हा ते डोंगर पुरते मोजलेलेच नव्हते. तवांगच्या पश्चिमेला थागला धार नकाशातल्या रेषेच्या उत्तरेला पडते, प्रत्यक्ष पाणलोट मात्र त्याच धारेवर आहे. १९६२ च्या संघर्षाची पहिली ठिणगी तिच्या पायथ्याशी, नामका चू ओढ्याकाठी पडली. नकाशा मोठा करून छापला की रेघ ठळक होते, पण तिची अचूकता वाढत नाही. भिंतीइतका मोठा प्रिंट मागणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१०. एका अमेरिकी नकाशात सियाचीन पाकिस्तानकडे दिसतं. असं का?

१९४९ च्या कराची करारातली युद्धबंदी रेषा आणि १९७२ ची नियंत्रण रेषा या दोन्ही एनजे ९८४२ नावाच्या बिंदूपाशी थांबतात. पुढे "तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत" एवढाच मजकूर. तिथे कोणी जाणार नाही असं तेव्हा वाटलं होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकी संरक्षण खात्याच्या नकाशांत त्या बिंदूपासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत एक तिरकी रेषा दिसू लागली आणि सियाचीन पाकिस्तानच्या बाजूला गेलं. तिला कुठल्याही कराराचा आधार नव्हता. भारतीय सैन्यातले गिर्यारोहक कर्नल नरेंद्र कुमार यांच्या हाती १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका परदेशी गिर्यारोहकाकडून असा नकाशा आला आणि त्यांनी तो वरिष्ठांपर्यंत नेला. १३ एप्रिल १९८४ ला भारताने सियाचीन ताब्यात घेण्यासाठी ऑपरेशन मेघदूत सुरू केलं.

हा नकाशा मी भारतात छापून देत नाही. तो फार जुना नाही, आजच्या वादाच्या अगदी मध्यावर आहे आणि प्रश्न ५ मधले सगळे धोके त्याला लागू होतात. संशोधनासाठी पाहायचा असेल तर ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर पाहा.

११. आमचे व्याही काठमांडूचे आहेत. ते म्हणतात जुन्या नकाशांत कालापाणी नेपाळचं आहे. भेट म्हणून कोणता नकाशा द्यावा?

१८१६ मध्ये लागू झालेल्या सुगौली करारात काली नदी ही सीमा ठरली, पण नदीचा उगम कुठला धरायचा हे स्पष्ट झालं नाही. नेपाळ १८२७ आणि १८५६ च्या नकाशांचा दाखला देतो, भारत नंतरच्या १८७९ च्या. २०२० च्या मे महिन्यात नेपाळने नवा नकाशा काढून लिंपियाधुरापर्यंतचा भाग आपल्यात दाखवला. भारताने तो मान्य केलेला नाही.

भेट द्यायची तर एव्हरेस्ट परिसराचा जुना नकाशा द्या. दोन्ही घरांना तो आवडेल आणि जेवणाचा बेत वादात जाणार नाही. विषयच आवडीचा असेल तर १८२७ आणि १८७९ असे दोन्ही एका चौकटीत लावून द्या.

१२. चांगला स्कॅन कुठे मिळतो आणि किती मोठा हवा?

अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, स्कॉटलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि डेव्हिड रम्सी संग्रह इथे मोठ्या आकाराचे स्कॅन मिळतात. हैदराबादच्या कलाकृती संग्रहात भारताच्या जुन्या नकाशांचा उत्तम साठा आहे.

छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरा. २४ बाय ३६ इंचांसाठी ७,२०० बाय १०,८०० बिंदूंची प्रतिमा लागते. समाजमाध्यमावरून उचललेला फोटो यासाठी चालत नाही, गावांची नावं त्यात विरघळतात.

स्वामित्वहक्काचं थोडक्यात: भारत सरकारच्या प्रकाशनावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे १९५४ चा नकाशा आता मोकळा आहे. अमेरिकी केंद्र सरकारच्या नकाशांवर तिथे हक्कच नसतो. पण स्कॅन देणाऱ्या ग्रंथालयाच्या अटी वेगळ्या असू शकतात, विशेषतः विक्रीसाठी, त्या दर वेळी वाचाव्यात. आणि हक्क संपला म्हणून प्रश्न ५ मधला कायदा संपत नाही.

१३. आमचं घर कोकणात आहे. पावसाळ्यात नकाशाला बुरशी आणि कसर लागते. उपाय?

सुती लगद्याचा आम्लविरहित कागद, रंगद्रव्याची शाई आणि नकाशा काचेला चिकटणार नाही असा माउंट, या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका. फ्रेमवाला मागे साधा हार्डबोर्ड लावतो. तो ओल धरतो आणि कालांतराने कागद पिवळा करतो. आम्लविरहित पाठ मागा आणि पाठीमागची कडा पट्टीने पूर्ण बंद करून घ्या.

फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो, तिथे लावू नका. मूळ जुना नकाशा असेल, खास करून तुकडे करून कापडावर डकवलेला घडीचा नकाशा, तर तो कधीही चिकटपट्टीने किंवा डिंकाने माउंटवर चिकटवू नये. फ्रेमवाल्याला हे आधी सांगा, सवयीने तो चिकटवून टाकतो. मूळ नकाशा सुरक्षित ठेवून त्याची प्रत भिंतीवर लावणं सगळ्यात उत्तम.

१४. समास आणि खालचा बारीक मजकूर कापून फक्त डोंगर ठेवले तर जास्त छान दिसेल ना?

दिसेल, पण तसं करू नका. प्रकाशक, वर्ष, प्रमाण, छापखाना आणि हद्दीबद्दलची सूचना हे सगळं समासातच असतं. यू-५०२ मालिकेत तर आंतरराष्ट्रीय सीमा अधिकृत समजू नयेत असं समासात छापलेलं आहे. समास कापला की उरतो तो कोणी, कधी काढला हे न सांगणारा डोंगरांचा कागद, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पाटीसाठी मजकूर असा ठेवा: "सर्व्हे ऑफ इंडिया, १९५०. मूळ प्रकाशनाप्रमाणे. ऐतिहासिक दस्तऐवज. भारताच्या आजच्या अधिकृत सीमा यात दाखवलेल्या नाहीत." नाव आणि वर्ष आपापल्या नकाशाप्रमाणे बदला.

१५. हिमालयाच्या मोजणीचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं ते विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांनी विणायला घेतलेलं त्रिकोणांचं जाळं पुढे हिमालयापर्यंत पोहोचलं, त्यातूनच राधानाथ सिकदारांच्या गणिताने पंधराव्या क्रमांकाचं शिखर (आजचं एव्हरेस्ट) जगातलं सर्वांत उंच ठरलं, आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. विदर्भातल्या कोणाला या सर्वेक्षणाचा आराखडा भिंतीवर लावायचा असेल तर हिंगणघाट दिसेल असा तुकडा आवर्जून निवडा.

१६. आजोबांच्या ट्रंकेत मूळ नकाशा निघाला. तो अमेरिकेतल्या मुलाला पाठवता येईल का?

आधी वय पाहा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात. ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या आणि मगच कुरियरकडे जा. मुलाला आठवण म्हणून हवी असेल तर उत्तम स्कॅन करून तिकडेच छापून घेणं सोपं आणि स्वस्त.

१७. उलट दिशेने? मी लंडनच्या दुकानातून जुना नकाशा आणला तर?

भारताच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणारे नकाशे आणि साहित्य यांची आयात प्रतिबंधित आहे. सीमाशुल्क विभागाच्या प्रवाशांसाठीच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. अधिकाऱ्याने अडवलं तर जुनेपणाचा युक्तिवाद तिथल्या तिथे मान्य होईलच असं नाही. नकाशा मौल्यवान असेल तर आणण्याआधी सीमाशुल्क सल्लागाराला विचारा आणि पावती व वर्षाचा पुरावा सोबत ठेवा. नंगा पर्वताच्या नकाशासारख्या, प्रामुख्याने शिखर आणि हिमनद्या दाखवणाऱ्या नकाशांतही कुठे हद्दीची रेघ आहे का ते विकत घेण्याआधी भिंगातून पाहून घ्या.